नाकाची सर्जरी करायची म्हणताय? आधी हे ऐका

   ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतोय. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच आहे.

एरवी आपण इथे नोकरी, इंटरव्ह्यू, पगार, कोडिंग असं बोलतो. आज नाकावर बोलायचंय. त्याचं कारण असं की मागे एका भागात मी ओघात म्हणालो होतो, माझ्या नाकाचं ऑपरेशन झालंय. त्यावर गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा मेसेज आला. वय चोवीस, पहिली नोकरी, हातात पहिल्यांदाच स्वतःचे पैसे. "दादा, मला नाकाची कॉस्मेटिक सर्जरी करायची आहे. पुण्यात डॉक्टर कोण चांगला आणि खर्च किती, एवढंच सांगा."

एवढंच सांगा! मीही दोन वर्षांपूर्वी हेच दोन प्रश्न घेऊन घराबाहेर पडलो होतो. प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांचा नंबर चौथा-पाचवा आहे. त्यांच्याआधी जे प्रश्न येतात ते मला कोणी विचारले नाहीत, आणि मी स्वतःलाही विचारले नाहीत. त्यापायी थोडे पैसे गेले. नाकही जाता जाता राहिलं, असं म्हटलं तरी चालेल. म्हणून आज सगळं क्रमाने सांगतो. मी डॉक्टर नाही, बीटेक झालेला साधा इंजिनिअर आहे. माझ्यावर जे झालं आणि त्यासाठी मी जे वाचलं-विचारलं, ते सांगतोय. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

तर माझं नाक. मी मूळचा कराडचा. तेरा वर्षांचा असताना सीझन बॉलने खेळायची हौस आली. हेल्मेट वगैरे कुठलं आलंय! बॉल उसळला आणि थेट नाकावर बसला. रक्त आलं, सूज आली, आईने बर्फ लावला, हळद लावली. चार दिवसांत सूज उतरली आणि विषय संपला. निदान आम्हाला तसं वाटलं. दहावीला जाईपर्यंत नाकाच्या मधोमध हाड वर आलेलं दिसायला लागलं आणि शेंडा किंचित डावीकडे गेला. वर्गात नाव पडलं पोपट. इंजिनिअरिंगला गेलो तर हॉस्टेलवर माझ्याआधी नावच पोहोचलेलं.

आपल्या भाषेत नाकाला किती मान आहे बघा. नाक कापलं जातं, नाक मुरडलं जातं, नाकाने कांदे सोलले जातात. मुलगी बघायला गेले की चाफेकळी नाक हवं, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मुलांना हे कमी ऐकावं लागतं असं म्हणतात. कमी असेल, पण ऐकावं लागतं. फरक इतकाच की मुलगा असून नाकाचा विचार करतोस, हे बोलायची सोय नसते.

नोकरी लागली आणि वर्क फ्रॉम होम सुरू झालं. रोज सकाळी स्टँडअप, आणि स्क्रीनवर आठ चौकटींमध्ये एक माझी. बोलतोय दुसऱ्याशी, बघतोय स्वतःकडे. महिन्याभरात मी कॅमेरा बंद ठेवायला लागलो. आधी म्हणायचो नेट स्लो आहे, मग म्हणायचो लॅपटॉप जुना आहे. एकदा क्लायंटसमोर डेमो द्यायचा होता, कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं होतं. मी तो डेमो सहकाऱ्याला देऊन टाकला. काम सगळं माझं होतं. पुढे लीडची जागा त्याला मिळाली, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

त्या रात्री मी पहिल्यांदा "नाकाची सर्जरी, पुणे" असं टाइप केलं.

आता इथे जरा थांबतो, कारण जी गोष्ट तेव्हा माहीत हवी होती ती साध्या भूमितीतली आहे. मोबाइल चेहऱ्यापासून ३० सेंटीमीटरवर धरून सेल्फी काढली, तर कॅमेऱ्याला सगळ्यात जवळ असतो नाकाचा शेंडा. कान त्याच्या मागे साधारण १२ सेंटीमीटरवर. म्हणजे नाक ३० वर आणि कान ४२ वर. फोटोत जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे कानाच्या मानाने नाक १.४ पट मोठं उमटतं. तोच कॅमेरा दीड मीटरवर ठेवा. आता आकडे होतात १५० आणि १६२, म्हणजे फरक जेमतेम ८ टक्के. समोर बसून तुमच्याशी बोलणारा माणूस साधारण याच अंतरावरून तुम्हाला बघतो. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी चेहऱ्याचं गणिती मॉडेल करून हेच दाखवलं होतं. १२ इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक जवळजवळ ३० टक्के जास्त रुंद दिसतं, पाच फुटांवर हा फरक उरत नाही.

मी कंपनीत इमेज प्रोसेसिंगवर काम केलेला माणूस, आणि स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत मला हे सुचलं नाही!

आणखी एक. आरशात आपण स्वतःला उलटं बघतो आणि त्याची सवय होते. दुसऱ्याने काढलेल्या फोटोत डावं-उजवं बदलतं आणि नाक अचानक जास्तच वाकडं वाटतं. म्हणून पहिलं काम हे करा. दीड-दोन मीटरवरून, दिवसाच्या उजेडात, कोणाकडून तरी समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून असे फोटो काढून घ्या. मग ठरवा की नाक बदलायचंय की फक्त सेल्फी काढायची पद्धत.

माझं नाक त्या फोटोंतही वाकडंच होतं, ते मान्य. पण हे फोटो मी नंतर काढले. त्याआधी एका क्लिनिकमध्ये जाऊन आलो होतो. नाव घेत नाही. काचेचा दरवाजा, कॉफी, आणि डॉक्टरांच्या आधी भेटणारी काउन्सेलर. तिने माझा फोटो काढला, टॅबलेटवर दोन बोटं फिरवली आणि मला माझंच सरळ नाक दाखवलं. खोटं का बोलू, मला भरून आलं. मग ती म्हणाली, या आठवड्यात बुकिंग केलंत तर वीस टक्के सूट. मी दहा हजार भरून मोकळा झालो. डॉक्टर आले, पाच मिनिटं बोलले. नाकाच्या आत त्यांनी बघितलंच नाही, आणि मला श्वास नीट येतो का हेही विचारलं नाही.

रात्री रूमवर आल्यावर पावतीच्या मागचा बारीक मजकूर वाचला. अॅडव्हान्स परत मिळणार नाही. आणि टॅबलेटवरचं चित्र हे "केवळ कल्पना येण्यासाठी" आहे, तसाच निकाल येईल याची हमी नाही. सॉफ्टवेअरमध्ये आपण क्लायंटला मॉकअप दाखवतो ना, तसंच. मॉकअपच्या मागे कोड नसतो.

दहा हजार सोडले. मित्राच्या ओळखीने दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्या प्लास्टिक सर्जन. बाहेर साधी बाकडी, दीड तास थांबलो. आत गेल्यावर त्यांनी आधी नाकाचं नावच काढलं नाही. विचारलं, "झोपेत तोंड उघडं राहतं का? सकाळी घसा कोरडा असतो?" दोन्ही होतं. "नाकात काही टाकता?" टाकत होतो. मेडिकलच्या दुकानात मिळणारा नाक मोकळं करायचा स्प्रे, जवळजवळ चार वर्षं, रोज रात्री. त्या म्हणाल्या, हा स्प्रे चार-पाच दिवसांच्या वर वापरायचा नसतो. जास्त वापरला की त्याचा असर उतरताना नाकातली त्वचा उलट जास्त सुजते, आणि मग स्प्रेशिवाय चालतच नाही. नाक चोंदतं म्हणून स्प्रे, आणि स्प्रेमुळे नाक चोंदतं. म्हणजे आपल्या भाषेत इन्फिनिट लूप.

मग त्यांनी आत दुर्बीण घालून बघितलं. गाल बोटाने बाहेरच्या बाजूला ओढला आणि विचारलं, आता हवा जास्त जाते का? ही साधी तपासणी आहे. नाकाचा आतला अरुंद भाग, ज्याला व्हॉल्व्ह म्हणतात, तो दबलाय का हे त्यातून कळतं. माझ्या बाबतीत मधला पडदा डावीकडे वाकून ती बाजू जवळजवळ बंद झाली होती.

आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "समजा उद्या नाक सरळ झालं. परवापासून असं काय करणार, जे आज करत नाही?"

मी म्हटलं, "कॅमेरा चालू ठेवीन."

"मग आजपासून महिनाभर कॅमेरा चालू ठेवा. स्प्रे बंद करायला औषध देते. महिन्याने या."

मला राग आला. वाटलं, पैसे घेऊन मला मीटिंगमध्ये कॅमेरा लावायला सांगतात! पण केलं. पहिला आठवडा वाईट गेला. दुसऱ्या आठवड्यात मी स्वतःची चौकट लपवायचं बटण शोधलं. चौथ्या आठवड्यापर्यंत माझ्या नाकावर एकही माणूस बोलला नाही. बोलले ते एवढंच, "अरे, तू दिसलास बरं झालं." मॅनेजरने पुढचा डेमो माझ्याकडे दिला. मी दिला, त्याच नाकाने.

म्हणजे ज्या कामासाठी मी सर्जरी करणार होतो ते काम सर्जरीचं नव्हतंच. आजच्या भागातली मुख्य गोष्ट हीच आहे, लिहून ठेवा म्हणतो. नाकाच्या सर्जरीला जाणारा माणूस तीन वेगवेगळ्या तक्रारी एकाच पिशवीत घालून नेतो. एक, श्वास नीट येत नाही. दोन, हाड वर आलंय, शेंडा वाकडा आहे, म्हणजे बोट ठेवून दाखवता येईल असं काहीतरी. तीन, लोक माझ्याकडे कसे बघतात, मला नोकरीत, लग्नात, मित्रांत कुठे जागा मिळते. सर्जरी पहिल्याचं काम करते. दुसऱ्याचंही करते, मर्यादेत. तिसऱ्याचं ती करत नाही. आणि तिसरी तक्रार घेऊन टेबलावर गेलेला माणूस, ऑपरेशन कितीही चांगलं झालं तरी, महिनाभरात आरशासमोर उभा राहून नवी चूक शोधतो.

याची एक टोकाची अवस्था असते, तिला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. दुसऱ्याला जेमतेम दिसेल अशा व्यंगावर दिवसाचे तासन् तास जातात, पुन्हा पुन्हा आरसा बघणं, लोकांना टाळणं. त्यावर समुपदेशन आणि औषधं आहेत. ऑपरेशनने ते सहसा बरं होत नाही, उलट वाढू शकतं. चांगला सर्जन हे ओळखतो आणि ऑपरेशनला नाही म्हणतो. नाही म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याला नावं ठेवू नका.

मी महिन्याने परत गेलो. स्प्रे सुटला होता, पण डावी नाकपुडी बंदच होती, कारण हाड आणि पडदा वाकलेला होता तो होताच. या वेळी आईला बरोबर नेलं. डॉक्टरांनी तिला सगळं समजावलं, आणि बोलता बोलता म्हणाल्या, "लहानपणी मार लागला तेव्हा आठवड्याभरात आणलं असतं, तर तेव्हाच बसवता आलं असतं." हे खरं आहे, आणि तुमच्या घरी मुलं खेळत असतील तर लक्षात ठेवा. नाकाला मार लागून ते वाकडं दिसत असेल, तर मुलांमध्ये आठवडाभरात आणि मोठ्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांच्या आत डॉक्टरांना दाखवायचं. हाड जुळून गेलं की मग मोठं ऑपरेशनच लागतं. आणि पडद्याच्या आत रक्त साकळून नाक दोन्ही बाजूंनी गच्च बंद झालं असेल, तर त्याच दिवशी दाखवायचं.

आई तिथे काही बोलली नाही. परतीच्या एसटीत खंबाटकीचा घाट गेल्यावर म्हणाली, "त्या संध्याकाळी मी तुला क्लासलाच पाठवलं होतं ना रे?" मला आठवत नव्हतं. तिला मात्र सोळा वर्षं आठवत होतं. मी म्हटलं, "आई, तेव्हा कोणाला माहीत होतं?" ती खिडकीबाहेर बघत राहिली. घरी पोचल्यावर बाबांना तिनेच सांगितलं, ऑपरेशन करायचंय, दुसरं काही ऐकायचं नाही.

ऐकवायला काका होतेच. "हे सगळं परदेशी खूळ." काकांसाठी मी एक गोष्ट शोधून ठेवली होती. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठी माणूस १७९२ च्या लढाईत टिपूच्या हाती सापडला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुढे पुण्याजवळ विटा बनवणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवं नाक बसवून दिलं. आधी मेणाचं नाक करून मापाला लावून बघितलं, ते कपाळावर सपाट पसरून त्याची रेघ मारली, तेवढी कातडी सोडवली आणि खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. कातडीचा एक पदर दोन भुवयांच्या मध्ये जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त मिळत राहील. हे वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तसं ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. कपाळाच्या कातडीची ही पद्धत आजही भारतीय पद्धत म्हणून शिकवतात. त्याच्याही कितीतरी आधी सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीने नाक जोडायची रीत आहे. काका म्हणाले, "त्याचं नाक कापलं होतं. तुझं आहे की." हा मुद्दा मात्र बरोबर होता, आणि मला तो उपयोगी पडला. मी डॉक्टरांना सांगितलं, मला दुसऱ्याचं नाक नको. पडदा सरळ करा, वर आलेलं हाड कमी करा, शेंड्याला हात लावावा लागला तर जेवढ्यास तेवढा.

आता ऑपरेशनबद्दल. इंग्रजीत ऱ्हायनोप्लास्टी म्हणतात. पडद्याचं काम बरोबर असेल तर सेप्टोऱ्हायनोप्लास्टी. बहुधा पूर्ण भूल देऊन करतात आणि दोन-तीन तास लागतात. दोन पद्धती आहेत. बंद पद्धतीत सगळे छेद नाकाच्या आत असतात. उघड्या पद्धतीत दोन नाकपुड्यांच्या मधल्या दांडीवर छोटा छेद घेऊन कातडी वर उचलतात, म्हणजे आतलं नीट दिसतं. त्याचा बारीक व्रण राहतो, तो सहसा पुसट होतो. कुठली पद्धत घ्यायची हे नाकावर ठरतं.

नाकाचा वरचा भाग हाडाचा, खालचा कुर्चेचा, आणि या सगळ्यावर कातडी. वर आलेला उंचवटा तासला की मधोमध छप्पर उघडं पडल्यासारखं होतं. म्हणून दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवावी लागतात. इथे हात सैल सुटला तर आतली वाट अरुंद होते. नाक दिसायला सुंदर आणि श्वासाला बंद, असं होऊ शकतं. म्हणून "नाक लहान करा" म्हणण्याआधी "श्वासाचं काय होईल" हे विचारायचं. कुठे आधार द्यायचा असेल तर कुर्चेचा तुकडा लावतात. तो मधल्या पडद्यातून, कानातून किंवा बरगडीतून घेतात. बसकं नाक उंच करायला काही ठिकाणी सिलिकॉन घालतात. त्याला जंतुसंसर्ग होण्याची किंवा ते सरकून बाहेर यायची भीती असते.

आणि कातडी. आपल्याकडे बऱ्याच जणांची नाकाच्या शेंड्याची कातडी जाड आणि तेलकट असते. जाड गोधडीखाली काहीही कोरलं तरी वरून गोलच दिसणार. म्हणून एखाद्या नटीचा फोटो घेऊन जाऊ नका. घेऊन गेलातच, तर तो फक्त आवड सांगायला.

हल्ली "सर्जरीशिवाय नाक" अशी जाहिरात असते. ते फिलर. इंजेक्शनने जेल भरून खड्डा भरतात, त्यामुळे उंचवटा कमी वाटतो. नाक लहान होत नाही आणि काही महिन्यांनी जेल विरतं. पण नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. जेल चुकून तिथे गेलं तर कातडी मरू शकते, क्वचित दृष्टीही जाऊ शकते. हे काम ब्यूटी पार्लरमध्ये अजिबात करून घेऊ नका.

डॉक्टर कसा निवडायचा? एमबीबीएस आणि एमएसनंतर प्लास्टिक सर्जरीत एमसीएच किंवा डीआरएनबी केलेला सर्जन, किंवा नाकाच्या या कामाचा खास अनुभव असलेला एमएस ईएनटी. नुसती "कॉस्मेटॉलॉजिस्ट" पाटी पुरेशी नाही. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर आणि पावतीवर असावा लागतो. तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो, वेबसाइटवर नाव घालून बघा. मग हे विचारा. माझ्यासारख्या नाकाची ऑपरेशनं किती केलीत? त्यांचे वर्षभरानंतरचे फोटो, सगळ्या बाजूंनी काढलेले, दाखवाल का? भूल कोण देणार? काही बिनसलं तर आयसीयू कुठे आहे? दुरुस्ती लागली तर खर्च कोणाचा? हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. शंभरात पाच ते पंधरा जणांना पुन्हा दुरुस्ती लागते असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. आणि ती वर्षभर थांबूनच करायची असते, सूज पूर्ण उतरल्याशिवाय नाही.

वयाचंही आहे. नाकाची वाढ पूर्ण व्हावी लागते, म्हणजे मुलींमध्ये साधारण पंधरा-सोळा आणि मुलांमध्ये सतरा-अठराच्या पुढे.

खर्च. मला तीन ठिकाणी नव्वद हजारांपासून पावणेतीन लाखांपर्यंत आकडे मिळाले. आकड्यात काय काय धरलंय ते लिहून घ्या. सर्जन, भूल, थिएटर, खोली, औषधं, पुढच्या तपासण्या, सगळं वेगळं. निव्वळ कॉस्मेटिक कामावर जीएसटी लागतो. आरोग्य विम्यात रूप बदलायची सर्जरी वगळलेली असते. अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीय गरज यांना तेवढा अपवाद. पडद्याच्या ऑपरेशनला मिळू शकतं, पण बऱ्याच पॉलिसींमध्ये त्याला प्रतीक्षा काळ असतो. माझ्या कंपनीच्या पॉलिसीने पडद्याचा भाग दिला, हाडाचा भाग मी खिशातून भरला. दोन बिलं वेगळी करून घेतली. कोणी सांगेल, सगळं अपघातात दाखवू. तसं करू नका.

ऑपरेशनच्या आधी सिगारेट महिनाभर बंद, नंतरही महिनाभर. ॲस्पिरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, जिमचे सप्लिमेंट, सगळं डॉक्टरांना सांगायचं. त्यांना विचारल्याशिवाय काही सुरू नाही आणि काही बंदही नाही. मुलींनो, चमकी आणि नथ काढून ठेवायची. परत कधी घालायची तेही विचारून घ्या, लग्न जवळ असेल तर तारखेचा हिशोब आधीच करा.

माझं ऑपरेशन होऊन आता चौदा महिने झाले. दुखणं मला वाटलं होतं त्यापेक्षा कमी होतं. त्रास होता तो नाक बंद असण्याचा. आठवडाभर वर कास्ट, डोळ्यांखाली काळंनिळं, डोकं उंच ठेवून झोपायचं, नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. चष्मेवाल्यांनो, खास तुमच्यासाठी. हाडाला हात लावला असेल तर चार ते सहा आठवडे चष्मा नाकावर टेकवायचा नाही. मी चष्मा कपाळाला चिकटपट्टीने लटकवून कोड लिहिला. मग शहाणा होऊन कॉन्टॅक्ट लेन्स आणल्या. सुट्टी दोन आठवडे धरा. खेळणं, जिम डॉक्टर सांगतील तेव्हाच.

कास्ट निघाली तो दिवस सगळ्यात वाईट. आरशात सुजलेलं, वर उचललेलं, अनोळखी नाक. मला वाटलं, मी हे काय करून बसलो! डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं म्हणून निभावलं. बरीचशी सूज तीन महिन्यांत उतरते, शेंड्याची सगळ्यात शेवटी. खरा आकार कळायला वर्ष लागतं, जाड कातडीला जास्तच. शेंडा काही महिने बधिर होता. शिवाय रक्तस्राव, जंतुसंसर्ग, पडद्याला भोक पडणं, दोन बाजू सारख्या न होणं, हे धोके कमी असले तरी खरे आहेत. संमतीपत्रावर सही करण्याआधी ते तुम्हाला कळेल अशा भाषेत समजावून घ्या. आपल्या कामात चुकलं तर रोलबॅक मारता येतो. इथे नाही.

मग मला काय मिळालं? डावी नाकपुडी. तिसऱ्या आठवड्यात एका पहाटे जाग आली तर तोंड मिटलेलं होतं आणि श्वास दोन्ही बाजूंनी चालला होता. मी तसाच पडून राहिलो, कितीतरी वेळ, नुसता श्वास घेत. हाड गेलं. शेंडा अजून केसभर डावीकडे आहे, खालून बघितलं तर दिसतो. डॉक्टर म्हणाल्या, दुरुस्ती करता येईल, पण त्यासाठी पुन्हा चाकू लावावा असं मला वाटत नाही. मलाही वाटत नाही.

हॉस्टेलचे मित्र अजून पोपटच म्हणतात. ऑफिसमध्ये पंधरा दिवसांनी गेलो तर दोघांनी विचारलं, बारीक झालास का? आईने मात्र पहिल्याच दिवशी डाव्या नाकपुडीशी बोट धरून बघितलं, हवा येते का म्हणून. अजूनही घरी गेलो की एकदा बघते.

तर मित्रा, तुझ्या मेसेजचं उत्तर. आधी लांबून फोटो काढ. मग एका कागदावर तीन रकाने कर, श्वास, आकार आणि लोक. तुझी प्रत्येक तक्रार त्यातल्या एका रकान्यात लिही. तिसरा रकाना जास्त भरला तर सर्जनच्या आधी कोणाशी तरी बोल. मित्र, समुपदेशक, मला लिहिलंस तरी चालेल. पहिले दोन भरले तर दोन डॉक्टरांना दाखव, आणि पहिल्याच भेटीत अॅडव्हान्स भरू नकोस. आकडे आणि नावं आपण त्यानंतर बोलू.

बाकीच्यांनी प्रश्न नेहमीच्या पत्त्यावर पाठवा. कोणाला सर्जरी करून पस्तावा झाला असेल तर त्यांनी जरूर लिहा. तुमचं नाव न घेता पुढच्या भागात वाचेन, कारण ती बाजू जाहिरातीत कधीच येत नाही. भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या.